कलम लागलं म्हणजे नेमकं काय? फौजदारी शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस ठाण्यातून किंवा कोर्टातून आलेला कागद हातात पडला की बहुतेकांची नजर आधी कलमाच्या आकड्यावर जाते. आमचा सल्ला असा की आधी तो शब्द कोणाचा आहे ते पाहा. फिर्यादीचा, पोलिसांचा की न्यायालयाचा? फिर्यादीने म्हटलेलं हे न्यायालयाने म्हटल्यासारखं ऐकलं की माणूस विनाकारण खचतो, आणि घाईत चुकीच्या कागदावर सही करून बसतो. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. तुमच्या प्रकरणाचा सल्ला मात्र कागद पाहणाऱ्या वकिलाकडूनच घ्या.

१. माझ्यावर गुन्हा दाखल झाला. म्हणजे मी गुन्हेगार ठरलो का?

नाही. कुणीतरी पोलिसांना दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती दिली आणि पोलिसांनी ती नोंदवून घेतली, एवढाच त्याचा अर्थ. या नोंदीला प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर म्हणतात. त्यातली हकीकत फिर्यादीची असते, पोलिसांनी ती अजून तपासलेली नसते. कलमं मात्र पोलीस लावतात, आणि तपासात ती वाढतात, कमी होतात, बदलतातही. तपासाच्या काळात तुम्ही संशयित किंवा आरोपी असता. 'दोषी' ठरवण्याचा अधिकार एकट्या न्यायालयाचा.

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. त्यामुळे आरोपीलाही ती तिथे पाहता येते. ऐकीव माहितीवर चर्चा करण्यापेक्षा आधी ती शब्दन् शब्द वाचा.

२. आम्हाला ३०२, ४२० माहीत होतं. आता कागदावर वेगळेच आकडे का?

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खून ३०२ वरून १०३ वर गेला, खुनाचा प्रयत्न ३०७ वरून १०९ वर, फसवणूक ४२० वरून ३१८(४) वर, विनयभंग ३५४ वरून ७४ वर आणि सासरचा छळ ४९८-अ वरून ८५ वर.

खरा घोळ पुढे आहे. जुने काही आकडे नव्या कायद्यातही आहेत, पण अर्थ पार वेगळा. न्याय संहितेचं ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे आणि ३०९ जबरी चोरीबद्दल. प्रक्रियेच्या जुन्या कायद्यात ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याचं कलम होतं, नव्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. म्हणून आकड्याच्या आधी कायद्याचं नाव वाचा: 'भादंवि' की 'भान्यासं' (किंवा 'बीएनएस').

घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर तक्रार आज दिली तरी गुन्ह्याची कलमं जुन्याच कायद्याची लागतात. त्यामुळे जुने आकडे अजून काही वर्षं कोर्टात दिसत राहतील.

३. पोलीस म्हणाले, "एनसी घेतो." एनसी म्हणजे काय? तक्रार वाया गेली का?

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. अशा गुन्ह्यात पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. भांडण, शिवीगाळ, किरकोळ मारहाण, "बघून घेतो" अशी धमकी यांत बहुतेक वेळा एनसीच होते. पूर्वी अशा कागदांवर ३२३, ५०४, ५०६ ही तिकडी हमखास असायची. आता तिथे ११५(२), ३५२, ३५१(२) दिसते.

तक्रार वाया जात नाही. घटनेची तारीख आणि वेळ सरकारी दप्तरात येते, आणि तपासाचा आदेश द्यावा म्हणून तुम्ही दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकता. तुमच्या हकीकतीत एक जरी दखलपात्र गुन्हा असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून हत्यार वापरलं असेल, हाड मोडलं असेल, जीवे मारण्याचा प्रयत्न झाला असेल तर ते जबाबात स्पष्ट लिहून घ्या. 'मारहाण केली' एवढंच लिहिलं तर एनसीवरच थांबतं. मात्र न घडलेलं लिहू नका. त्याचे परिणाम प्रश्न १५ मध्ये आहेत.

४. गुन्हा दखलपात्र आहे, तरी ठाण्यात तक्रार घेत नाहीत. काय करू?

"हद्द आमची नाही" हे कारण चालत नाही. कोणत्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तरीही नकार मिळाला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयाच्या हद्दीत वरिष्ठांकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्यानंतरची पायरी दंडाधिकारी. पोच नसेल तर त्या पायरीवर अडायला होतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. तो नकार नसतो.

५. 'अजामीनपात्र' म्हणजे जामीन मिळणारच नाही?

मिळू शकतो, आणि बऱ्याच प्रकरणांत मिळतो. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, तो ठाण्यातच मिळायला हवा. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर असतो. दोन्हींतला फरक इतकाच.

गुन्हा अजामीनपात्र असला म्हणून अटक झालीच पाहिजे असंही नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक का गरजेची आहे याची कारणं पोलिसांनी नोंदवली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात बजावलं. ते प्रकरण ४९८-अ चंच होतं. शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल आणि व्यक्ती आजारी किंवा साठीपुढची असेल, तर अटकेसाठी उपअधीक्षकांची आधी परवानगी लागते.

६. किरकोळ दुखापत आणि गंभीर दुखापत हे कसं ठरतं? टाके पडले म्हणजे गंभीर का?

टाक्यांवर काही ठरत नाही. कायद्याने गंभीर दुखापतीचे आठ प्रकार सांगितले आहेत. डोळा किंवा कान कायमचा निकामी होणं, अवयव किंवा सांधा गमावणं, चेहरा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं, जिवावर बेतणारी जखम, १५ दिवस तीव्र वेदना होणं किंवा रोजची कामं करता न येणं, हे त्यांतले मुख्य. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवसांची होती.

म्हणजे रक्तबंबाळ करणारी जखम 'साधी' ठरू शकते आणि रक्ताचा थेंब न सांडता एक दात पडला तर 'गंभीर'. निर्णायक कागद वैद्यकीय प्रमाणपत्र. मार लागल्यावर सरकारी रुग्णालयात लगेच जा आणि हाडाची शंका असेल तर एक्स-रेचा आग्रह धरा. सुरा, कोयता, ॲसिड अशांचा वापर झाला तर साध्या दुखापतीलाही कलम ११८ लागतं आणि प्रकरण दखलपात्र होतं.

७. चोरी, जबरी चोरी, दरोडा, खंडणी यांत फरक काय?

संमतीशिवाय लबाडीने वस्तू नेली की चोरी. ती नेताना मारहाण केली, अडवून ठेवलं किंवा तत्काळ इजेची भीती घातली की जबरी चोरी. जबरी चोरीत पाच किंवा अधिक जण असतील तर दरोडा. लुटीची रक्कम किती, याचा दरोड्याशी संबंध नाही. पाच जणांनी मिळून एक मोबाइल हिसकावला तरी आरोप दरोड्याचा होऊ शकतो. बातम्यांत 'दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी' येते, तिथे चोरी झालेलीच नसते. तयारी हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

भीती घालून माणसाला स्वतःच्या हाताने पैसे द्यायला लावलं तर ती खंडणी. गळ्यातली साखळी ओढून पळणं यासाठी आता कलम ३०४ वेगळं आहे.

पहिलीच चोरी, किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, अशा वेळी शिक्षा म्हणून समाजसेवा करायला लावण्याची नवी तरतूद आहे. पोटापाण्यासाठी पहिल्यांदा चुकलेल्या पोराला तुरुंगात न पाठवणारी ही तरतूद आम्हाला फार मोलाची वाटते.

८. उसने दिलेले पैसे परत करत नाही. ४२० लागेल का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर अनेकांना आवडत नाही. पैसे परत न करणं हा एवढ्यावरून गुन्हा होत नाही. फसवणुकीसाठी पैसे घेतानाच खोटं बोलून घेतले, मनात सुरुवातीपासून बुडवण्याचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. घेताना नियत साफ होती आणि पुढे धंदा बुडाला, तर मार्ग दिवाणी दाव्याचा.

अपहार, म्हणजे फौजदारी विश्वासघात, याची गोष्ट उलटी. तिथे वस्तू किंवा पैसा विश्वासाने, रीतसर सोपवलेला असतो आणि बेइमानी नंतर होते. भिशीचा जमा पैसा स्वतःसाठी वापरला, सोनाराने दुरुस्तीचा दागिना विकून टाकला, ही उदाहरणं. एकाच व्यवहारात सुरुवातीपासून फसवणं आणि विश्वासाने सोपवणं हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तरीही पोलीस दोन्ही कलमं सर्रास एकत्र लावतात, आणि आरोपीच्या वकिलाचा पहिला मुद्दा तोच असतो.

हातात न वटलेला चेक असेल तर रस्ता वेगळा आहे. तो परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. पोलीस ठाण्याचा इथे संबंध नाही. उसनवारी सोडवायला ठाण्याची पायरी चढण्याआधी या तारखा मोजा. ठाण्यात हेलपाटे घालताना ही मुदत निघून गेलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

९. खून आणि सदोष मनुष्यवध यात फरक काय? अपघातात माणूस गेला तर कोणतं कलम?

तिन्हींत माणूस जातो. फरक करणाऱ्याच्या मनाचा आहे. ठार मारण्याचा हेतू, किंवा जीव जाईलच अशी जखम हेतुपुरस्सर करणं, हा खून. अचानक भडकलेलं भांडण, कुणाचा पूर्वविचार नाही आणि कुणी क्रूरपणे फायदाही घेतला नाही, अशा परिस्थितीत तोच प्रकार सदोष मनुष्यवधात उतरतो. आणि हेतू नाही, जाणीवही नाही, फक्त हयगय आहे, तर कलम १०६: निष्काळजीपणामुळे मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ही कमाल दोन वर्षं आहे.

अपघात बहुधा १०६ मध्ये बसतो, नेहमीच नाही. मुंबईत २००६ मध्ये कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. मद्यपान करून वेगाने गाडी चालवणाऱ्याला माणसं मरू शकतात याची जाणीव होती, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली.

'आकस्मिक मृत्यूची नोंद' हा शब्द याहून निराळा. मृत्यू कशाने झाला हे कळण्यासाठीची ती चौकशी असते, तिथे आरोपी कुणीच नसतो.

१०. मी मारलं नाही, फक्त तिथे होतो. माझं नाव का?

कलम ३(५), म्हणजे जुनं ३४, सांगतं की ठरवून एकत्र केलेल्या कृत्याची जबाबदारी प्रत्येकावर असते. एकाने धरलं, दुसऱ्याने मारलं, तर दोघेही. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव असेल तर कलम १९० लागतं, आणि तिथे जमावाचं उद्दिष्ट समान असणं पुरतं.

नुसतं हजर असणं मात्र पुरत नाही. आवाज ऐकून धावत गेलेला शेजारी जमावाचा सदस्य होत नाही. गावच्या भांडणात आख्ख्या भावकीची नावं घातली जातात, तेव्हा कोणी काय केलं हे फिर्यादीत प्रत्येकापुढे लिहिलंय का, हे पाहा. मोबाइलचं ठिकाण, हजेरीपट, सीसीटीव्ही असं जे काही असेल ते लगेच जपा. चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं.

११. पोलिसांची नोटीस आली आहे. आणि व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करतात ते खरं का?

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस म्हणजे "आत्ता अटक करत नाही, चौकशीला या." तुम्ही हजर राहत गेलात तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. टाळलीत तर तेच अटकेचं कारण बनतं. म्हणून जा, वकिलाला सांगून जा, आणि हजेरीची नोंद मागा. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं.

'डिजिटल अटक' असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणारा, पैसे 'पडताळणीसाठी' मागणारा माणूस कितीही गणवेशात दिसला तरी तो ठग आहे. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, कारण तासागणिक रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते. निवृत्त मंडळींना हे आजच सांगा.

१२. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यात काय फरक?

अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. पोलीस कोठडीत माणूस ठाण्याच्या ताब्यात असतो, चौकशीसाठी. न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंग. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही. नव्या कायद्यात मात्र हे १५ दिवस सलग घ्यावे लागत नाहीत, गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येतात. त्यामुळे 'एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली, आता पोलीस परत नेणार नाहीत' हा जुना हिशोब आता चालत नाही.

अटकेची कारणं जाणून घेणं, नातेवाइकाला कळवणं आणि वकील हे हक्क आहेत. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून वापरता येत नाही. तिच्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग वापरता येतो. (मोक्काचा अपवाद प्रश्न १८ मध्ये.) वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अटही नाही.

१३. अटकपूर्व जामीन कधी मागता येतो?

अजामीनपात्र गुन्ह्यात अटकेची सबळ भीती असेल तेव्हा, सत्र किंवा उच्च न्यायालयात. एफआयआर व्हायच्या आधीही. अर्जावर निकाल लागेपर्यंतचं संरक्षण म्हणजे अंतरिम जामीन, त्याला कायम निकाल समजू नका. ॲट्रॉसिटी कायद्यात या जामिनाला मनाई आहे. फिर्याद वाचून प्रथमदर्शनी तो गुन्हाच दिसत नसेल, तरच न्यायालय विचार करतं.

१४. ६० आणि ९० दिवसांचं काय प्रकरण आहे?

आरोपी कोठडीत असताना पोलिसांनी आरोपपत्र ठरल्या मुदतीत दिलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. अडचण अशी की हा हक्क मागावा लागतो. ६१ व्या दिवशी अर्ज केला नाही आणि ६२ व्या दिवशी आरोपपत्र आलं, तर संधी गेली. घरच्यांनी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवावी.

१५. 'बी समरी' झाली असं कळलं. म्हणजे केस संपली?

तपास संपल्यावर पोलीस एकतर आरोपपत्र देतात किंवा प्रकरण बंद करण्याचा अहवाल. महाराष्ट्रात या अहवालाला समरी म्हणतात. ए समरी: गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. बी समरी: तक्रार खोटी, तीही वाईट हेतूने. सी समरी: गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची.

हे पोलिसांचं मत आहे, निकाल दंडाधिकारी देतात. त्याआधी फिर्यादीला नोटीस मिळते आणि तो विरोध नोंदवू शकतो. दंडाधिकारी अहवाल फेटाळून पुन्हा तपास करायला सांगू शकतात. बी समरी मंजूर झाली तर खोटी फिर्याद देणाऱ्यावरच खटला होऊ शकतो.

१६. दोषमुक्त, निर्दोष, संशयाचा फायदा: सगळं एकच ना?

नाही. खटला चालवण्याइतकंही काही नाही म्हणून आरोप निश्चित होण्याआधीच सोडलं, तर दोषमुक्ती. नवा पुरावा आला तर ते प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं. साक्षीपुरावा होऊन सोडलं, तर निर्दोष मुक्तता. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, सरकार किंवा पीडित अपील मात्र करू शकतात. 'संशयाचा फायदा' देऊन सोडलेला माणूसही कायद्याने निर्दोषच.

शिक्षेनंतरचे दोन शब्दही नीट वाचा. 'शिक्षेला स्थगिती' म्हणजे तुरुंगात जाणं थांबलं. 'दोषसिद्धीला स्थगिती' म्हणजे दोषी ठरण्याचा परिणामच थांबला. आमदार-खासदारांची पदं अपिलात दुसऱ्या शब्दावर टिकतात किंवा जातात.

१७. आमच्यात समेट झाला. फिर्याद मागे घेता येईल का?

ठाण्यात जाऊन 'मागे घेतो' म्हटल्याने एफआयआर संपत नाही. साधी दुखापत, शिवीगाळ यांत फिर्यादी थेट तडजोड करू शकतो. फसवणूक, गंभीर दुखापत यांत न्यायालयाची परवानगी लागते. सासरच्या छळाचं कलम ८५ तडजोडपात्र नाही, तिथे दोघांनी मिळून उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत समेट झाला तरी खटला चालतो, कारण तिथे समाजही फिर्यादी मानला जातो. दबावाखाली समेटाच्या कागदावर सही करायला लावत असतील तर न्यायालयात ते स्पष्ट सांगा.

१८. तडीपारी, चॅप्टर केस, एमपीडीए, मोक्का हे काय आहे?

पहिली तीन शिक्षा नव्हेत, पुढचा गुन्हा टाळण्याचे उपाय आहेत. चॅप्टर केस म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेणं. तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार, जास्तीत जास्त दोन वर्षं जिल्ह्याबाहेर. एमपीडीए हा १९८१ चा कायदा, खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्धता. तिन्हींत लेखी उत्तर देण्याची संधी असते आणि तिथेच बरंच काही ठरतं.

मोक्का, १९९९, टोळीच्या संघटित गुन्हेगारीसाठी. आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढते आणि पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा ठरू शकते. म्हणून गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठांची मंजुरी लागते.

१९. साक्षीदार 'फितूर' झाला म्हणजे? 'माफीचा साक्षीदार' कोण?

पोलिसांपुढे दिलेल्या जबाबापासून कोर्टात फिरलेला तो फितूर. त्याची साक्ष सगळीच बाद होत नाही, खरा वाटणारा भाग न्यायालय घेऊ शकतं. गुन्ह्यात सामील असूनही सगळं खरं सांगण्याच्या अटीवर माफी मिळालेला तो माफीचा साक्षीदार.

२०. नोकरीच्या अर्जात 'आपल्यावर गुन्हा दाखल आहे का?' असं विचारलंय. निर्दोष सुटलो आहे, 'नाही' लिहू का?

प्रश्न शब्दशः वाचा. 'शिक्षा झाली आहे का?' असं विचारलं असेल तर निर्दोष सुटलेला माणूस 'नाही' लिहू शकतो. 'कधी गुन्हा दाखल झाला होता का?' असं असेल तर 'होय' लिहा आणि निकालाची प्रत जोडा. पोलीस आणि इतर सरकारी भरतीत पडताळणी होतेच, आणि गुन्ह्यापेक्षा लपवल्यानेच निवड रद्द झालेली मुलं बरीच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. तरुण वयातला किरकोळ गुन्हा लपवला गेला तरी नियुक्ती देणारा तो माफ करू शकतो, गंभीर गुन्हा असेल तर खरं सांगूनही नियुक्ती नाकारू शकतो. एनसीबद्दलही तेच: प्रश्नात 'तक्रार' हा शब्द असेल तर ती लिहा, फक्त 'एफआयआर' असेल तर एनसी त्यात मोडत नाही.